कोकणात सिरॅमिकच्या चाकावर बसण्याआधी

कोकणपट्टीत एखाद्या छोट्या सिरॅमिक युनिटमध्ये कामाला लागायचं ठरवलं असेल, तर हे तुमच्यासाठी. युनिट म्हणजे चार-सहा माणसं, दोन-तीन विजेची चाकं, एक भट्टी आणि होमस्टे, रिसॉर्ट, कॅफे यांच्याकडून येणाऱ्या मग-वाट्या-ताटल्यांच्या ऑर्डरी. रोज तेच भांडं, त्याच मापाचं. छंदवर्गातून आलेल्यांना पहिला धक्का इथेच बसतो. वर्गात एक फुलदाणी जमली की कौतुक होतं. इथे वीस वाट्या एकात एक रचल्या की चळत सरळ उभी राहायला हवी, आणि ती राहिली तरी कोणी काही बोलत नाही.

दुसरा धक्का वेळेचा. दिवसातला थोडाच वेळ चाकावर जातो. बाकीचा माती तयार करणं, झाकणं, उघडणं, फळ्या फिरवणं, तळ तासणं, कान लावणं, भट्टी भरणं आणि पुसापुशी यात संपतो. कोरड्या मुलखात भांडं सावलीत ठेवलं की आपसूक सुकतं. आपल्याकडे चार महिने हवाच ओली असते आणि पुढे दुपारचा खारा वारा एकाच बाजूने झोंबतो. म्हणून इथला कारागीर किती तयार आहे हे बघायचं असेल तर त्याच्या फळ्यांवरची भांडी बघा: किती वाकली, किती तडकली. खाली जे सांगणार आहे त्यातलं अर्धंअधिक पाण्याबद्दलच आहे.

कुठलं काम देणार, ते विचारा

‘कुंभार पाहिजे’ असं म्हणणाऱ्याला चारपैकी काहीही हवं असू शकतं. चाकावर भांडी काढणारा. जिगर-जॉलीवर ताटल्या दाबणारा, म्हणजे फिरत्या प्लास्टरच्या साच्यावर मातीची पोळी ठेवून वरून पात्याने आकार देणारा. ओतकाम करणारा, म्हणजे पातळ केलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओतून, कडेला हवी तेवढी जाडी धरली की उरलेली ओतून टाकणारा. किंवा ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेचा लेप, आणि भट्टी सांभाळणारा. पगार, वेळा आणि शिकायला मिळणारं, सगळं यावर ठरतं.

चाकावरच बसेन असा हट्ट नव्या माणसाने धरू नये, असं माझं मत आहे. ओतकामावर घातलं तर खुशाल जा. मातीतून पाणी कसं आणि किती वेगाने निघतं हे प्लास्टरचा साचा रोज दाखवतो. मे महिन्यात झपाझप काम करणारा साचा जुलैत स्वतःच ओलाकच्च राहतो आणि भांडं सोडतच नाही. फक्त एवढं बोलून घ्या की काही महिन्यांनी भट्टीच्या कामालाही हात लावायला मिळेल. भट्टी न बघता वर्षानुवर्षं चाक फिरवणारी माणसं आहेत. भांडं का तडकलं हे त्यांना कायम दुसऱ्याला विचारावं लागतं.

गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यात, काम केलेली मुलं या धंद्यात चटकन रुळतात. शाडूवर बसलेला हात कान जोडायला, कडा साफ करायला उत्तम. पण शाडूची मूर्ती भाजायची नसते, त्यामुळे आत जाड गोळा राहिला तरी चालतं. इथे तोच जाड भाग भट्टीत फुटतो आणि शेजारची चार भांडी घेऊन जातो. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी ठेवण्याची सवय त्यांना नव्याने लावून घ्यावी लागते.

रुजू कधी व्हावं

नवरात्रीनंतर. हवा कोरडी होत जाते, डिसेंबरच्या गर्दीसाठी हॉटेलांच्या ऑर्डरी आलेल्या असतात, आणि युनिटला हात हवे असतात. श्रावण-भाद्रपदात अर्धी माणसं शाळेत नाहीतर घरच्या गणपतीच्या तयारीत. जूनमध्येच जागा मिळाली तर सोडू नका, मात्र पहिले महिने वाया गेलेली माती परत भिजवणं, ग्लेझच्या चाचण्या आणि डागडुजी यात जातील हे धरून चला.

माती

स्टोनवेअरची, म्हणजे १२०० अंशांच्या वर घट्ट भाजायच्या भांड्यांची, माती बहुधा बाहेरून येते. बॉल क्ले ही चिकट माती राजस्थानात बिकानेरकडची, फेल्डस्पार हे वितळायला मदत करणारं खनिजही राजस्थानचं, त्यात चायना क्ले आणि क्वार्ट्‌झ मिसळून युनिट स्वतःचं मिश्रण करतं, किंवा तयार मातीच्या गोणी गुजरातमधून वा खुर्जाहून मागवतं. सिंधुदुर्गात चायना क्ले सापडते आणि कणकवली तालुक्यात कासार्ड्याला सिलिका वाळूच्या खाणी आहेत, त्यामुळे ‘इथली माती का नाही वापरत?’ हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो. खाणीतून निघालेला माल धुऊन, चाळून, तपासून घ्यावा लागतो. त्यातलं लोह खेपेगणिक बदललं की पांढऱ्या मगवर डाग येतात. छोट्या युनिटला ते झेपत नाही.

अंगणातली लाल माती तर चाकावर चढतच नाही. ती जांभ्याची, लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, चिकटपणा कमी. गावातले परंपरागत कुंभार शेताच्या किंवा तळ्याच्या तळाची चिकण माती काढतात आणि साधारण ८००-९०० अंशांपर्यंत भाजतात. ती माती १२०० अंशांच्या भट्टीत ठेवली तर भांडं बसकं होतं, कधी वितळून फळीला चिकटतं. पण तिचाच पातळ लेप स्टोनवेअरवर दिला तर छान तपकिरी ग्लेझ होऊ शकते. हा उद्योग जरूर करून बघा, फक्त तुकडा मातीच्या वेगळ्या ताटलीत ठेवून.

खाडीचा गाळ आणि पुळणीवरची वाळू मात्र कामात आणू नका. गाळात मीठ असतं. भांडं सुकताना ते पृष्ठभागावर येऊन पांढरी खरपूड धरते आणि ग्लेझ नीट बसत नाही. वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, आणि तो जास्त वाईट. शिंपला भट्टीत भाजला की त्याचा चुना होतो. भांडं बाहेर येतं तेव्हा ठणठणीत दिसतं. मग आपल्या दमट हवेतलं पाणी पिऊन तो चुन्याचा कण आतल्या आत फुगतो आणि काही दिवसांनी, कधी गिऱ्हाइकाच्या टेबलावर, भांड्याची टिकली उडते. खाली पांढरा ठिपका दिसला की समजायचं शिंपला. संशय असेल त्या मातीवर लिंबाचा रस टाकून फसफसते का बघा. बारीक कण त्यातून सुटतात, म्हणून त्या मातीची एक छोटी चकती भाजून, ओली करून पंधरवडाभर तशीच ठेवा आणि मगच ती माती वापरात घ्या.

मळणं आणि तोलणं

पगमिल, म्हणजे माती मळायचं यंत्र, असेल तर माती त्यातून निघते, तरी चाकावर जाण्याआधी हाताने मळावीच लागते. तळहाताच्या खालच्या भागाने पुढे ढकला, परत ओढा, थोडं फिरवा. अंगाचं वजन टाका, मनगटाचं नाही. टेबल कमरेच्या जरा खाली हवं, नाहीतर संध्याकाळी खांदे बोलतात. तारेने गोळा मधोमध कापा. कापलेल्या भागावर छिद्रं किंवा दोन रंगांचे पट्टे दिसले तर पुन्हा मळा. मऊपणा मोदकाच्या उकडीपेक्षा किंचित घट्ट असावा. पावसाळ्यात अजून थोडी घट्ट घ्या, कारण त्यातून पाणी निघायला मदत करणारं बाहेर कोणी नाही.

मग तोलणं. परंपरेने मोठा गोळा चाकावर ठेवून वरच्या टोकातून एकेक पणती-वाटी काढतात. त्याने वेग मिळतो, पण एकसारखेपणा सगळा हातावर राहतो. युनिटमध्ये बहुधा प्रत्येक भांड्याचा गोळा तराजूवर जातो: सोलकढीच्या छोट्या वाटीला दोनशे ग्रॅमच्या आसपास, नेहमीच्या मगला चारशे ते साडेचारशे, जेवणाच्या ताटलीला दीड किलो किंवा थोडी वर. युनिटच्या वहीत प्रत्येक मालाचं वजन लिहिलेलं असतं. नसेल तर तुम्ही लिहायला लागा, मालक खूश होतो.

हत्यारांवर सुरुवातीला पैसे घालू नका. स्पंज, सुई, तळ तासायचं तारेचं हत्यार आणि माप घ्यायचा कॅलिपर विकत घ्या. माती कापायला मासेमारीची तंगूस दोन लाकडी तुकड्यांना बांधली की झालं. आतून गोलाई द्यायला माडाच्या करवंटीचा तुकडा कडा घासून वापरा. बाजारातल्या रबरी रिबपेक्षा मला तो कधीही बरा वाटतो, आणि फुकट.

आकसण्याचा हिशेब

हा एक हिशेब पाठ करा. स्टोनवेअरची माती ओल्यापासून शेवटच्या भट्टीपर्यंत साधारण १० ते १४ टक्के आकसते. आपण १२ धरू. तयार मग १० सेंटिमीटर उंच हवा असेल तर चाकावर तो १० भागिले ०.८८, म्हणजे सुमारे ११.४ सेंटिमीटर काढायला हवा. इथवर सगळे पोचतात. घोळ होतो तो मापाच्या मिलीलिटरमध्ये. आकसणं लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे होतं, म्हणून ०.८८ तीनदा गुणायचं: ०.६८. ओल्या मगमध्ये ३०० मिलीलिटर मावत असेल तर तयार मगमध्ये जेमतेम २०४ मावेल. कॅफेवाल्याला ३०० चा मग हवा असेल तर चाकावर ४४० चा काढा.

आपल्या मातीचा आकडा स्वतः काढा. ओल्या मातीची पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. भांडं दोनदा भाजतात, एकदा ग्लेझआधी आणि एकदा ग्लेझ लावून. म्हणून सुकल्यावर, पहिल्या भट्टीनंतर आणि शेवटच्या भट्टीनंतर मोजा. मातीची नवी खेप आली की पट्टी पुन्हा करा.

चाकावर

चाकाबद्दल लिहून फार काही शिकवता येत नाही, म्हणून थोडक्यात. गोळा मध्यावर आणताना कोपर मांडीला किंवा पोटाला टेकलेलं हवं. पाणी कमी वापरा. ओल्या हंगामात तर बोटांवर पाण्याऐवजी मातीची रबडी. तळ उघडल्यावर तो बोटाने मधून बाहेर आणि परत आत असा दाबून घ्या आणि भांड्याच्या पोटात साचलेलं पाणी स्पंजने टिपा. हे राहिलं की सुकताना तळाला एस आकाराची चीर पडते, आणि ती बहुतेक वेळा पहिल्या भट्टीनंतरच दिसते.

एकसारखेपणासाठी चाकाशेजारी मापकाठी रोवा: तिचं आडवं टोक भांड्याच्या काठाला जेमतेम लागेल अशी. त्याच वजनाचे वीस गोळे करा, वीस वाट्या काढा, ओळीने ठेवा. मग त्यातल्या दोन तारेने उभ्या कापून भिंत बघा. खाली जाड, वर कागदासारखी, असं दिसेल. पहिले आठवडे काहीही जपून ठेवू नका. सगळं कापा, मातीच्या बादलीत टाका. कच्च्या मातीचं नुकसान होत नाही, भाजलेल्या वाईट भांड्याचं होतं.

सुकवणं

इथे वेळ घालवा, कारण युनिटचं नुकसान इथे होतं.

भांडं सुकताना आकसतं. काठ आधी सुकला आणि तळ ओला राहिला तर काठाला आकसायचं असतं, तळ त्याला सोडत नाही. मग चीर पडते. एक बाजू आधी सुकली तर भांडं त्या बाजूला वाकतं. म्हणून कितीही वेळ लागो, सगळीकडून सारखं सुकलं पाहिजे. उन्हात ठेवायचा मोह सोडा.

ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात आणि फेब्रुवारी ते मे या काळात पाणी झटपट उडतं. सकाळी हवा स्थिर असते. दुपार कलली की समुद्रावरून वारा सुटतो आणि पश्चिमेच्या खिडकीजवळची फळी तासाभरात एका अंगाने पांढुरकी पडायला लागते. जेवायला जाण्याआधी त्या बाजूच्या खिडक्या लावा, भांड्यांवर पातळ प्लास्टिक टाका, फळी अर्धी फिरवा. काठ आपलं वजन पेलण्याइतका घट्ट झाला की भांडं पालथं घाला, म्हणजे तळालाही हवा लागते. ताटल्यांच्या काठावर प्लास्टिकच्या पट्ट्या टाकून मधला भाग उघडा ठेवा. पातळ सुती लुगडं झाकायला प्लास्टिकपेक्षा चांगलं. आतल्या बाजूला थेंब धरत नाहीत. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे मतलई वारा असतो, कोरडा आणि मंद. मोठ्या ताटल्या आणि झाकणाची भांडी त्या महिन्यांसाठी राखून ठेवावीत.

पावसाळा उलटा. सकाळी काढलेला मग दुसऱ्या दिवशीही लिबलिबीत असतो. तळ तासायला भांडं लेदरहार्ड लागतं, म्हणजे बोटाचा ठसा उमटत नाही पण नखाची रेघ उमटते. त्याची वाट बघत फळ्या अडकून पडतात आणि चाक रिकामं राहतं. पावसाळ्यात उत्पादन किती होणार हे चाक ठरवत नाही, सुकवायची जागा ठरवते. त्यावर तीन उपाय आहेत. भट्टीच्या आजूबाजूला मांडण्या लावून तिची वाया जाणारी ऊब वापरणं. लाकडी किंवा पत्र्याच्या कपाटात खाली दिवा, वर भोक आणि छोटा पंखा. खोली बंद करून डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र. यात चूक एकच होते: ऊब देतात, पण ओली हवा बाहेर जायला वाट ठेवत नाहीत. मग कपाटाच्या भिंतीवरून पाणी ओघळतं आणि भांडी तशीच राहतात. फळीवर राहिलेल्या भांड्यावर काळी बुरशी धरली तर घाबरू नका, ती भट्टीत जळते. पण ती पुसताना मास्क लावा.

मगचा कान ही वेगळी डोकेदुखी. मग आणि कान दोन्हींचा ओलावा सारखा असताना जोडा. दोन्हीकडे खाचा पाडा, मातीची रबडी लावा, दाबा, आणि जोडल्यावर रात्रभर प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवा म्हणजे दोन्हींचं पाणी एक होईल. दुसऱ्या दिवसापासून हळूहळू उघडा. सांध्याला चीर पडली आणि वरून माती भरली, तर ती भट्टीत हमखास पुन्हा उघडते. तो मग बादलीत.

पूर्ण सुकलं का हे बघायला भांड्याचा तळ गालाला लावा. गार लागला तर आत पाणी आहे. तळ गालाला लावून ‘भांडां अजून ओलां आसा’ म्हणत फळी बाजूला सारणारे एक काका बहुतेक ठिकाणी असतात. ऑर्डर कितीही तातडीची असली तरी त्यांच्याशी वाद घालू नका.

पहिली भट्टी

जुलै-ऑगस्टमध्ये गालाला कोरडं लागलेलं भांडंही खरं कोरडं नसतं. हवेत जेवढी ओल तेवढी ते धरून राहतं. ही ओल १०० अंशांच्या वर वाफ होऊन बाहेर पडते, आणि घाई झाली तर भांडं फोडून पडते. म्हणून पावसाळ्यात भट्टी ८०-९० अंशांवर कित्येक तास, जाड माल असेल तर रात्रभर, झाकण किंवा वरचं भोक थोडं उघडं ठेवून चालवतात. भोकासमोर आरसा धरा. त्यावर दव धरलं तर वाफ अजून निघतेय. पुढे जाऊ नका.

त्यानंतर ६०० अंशांपर्यंत सावकाश, तासाला शंभरच्या आत. साडेचारशेपासून पुढे मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघतं आणि ५७३ अंशांना क्वार्ट्‌झचा स्फटिक एकदम फुगतो. थंड होताना त्याच आकड्यावर तो आकसतो, म्हणून उतरतानाही तिथे घाई नको. पहिली भट्टी ९५० ते १००० अंशांना थांबवतात. शंभरच्या खाली आल्याशिवाय झाकण उघडू नका, मालक शेजारी उभा राहून हात चोळत असला तरी.

भाजलेलं भांडं बोटाच्या टिचकीने तपासा. गोरोबाकाकांची थापटी नको. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे.

वीज हा कोकणातला वेगळा विषय. निसर्ग (३ जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) या वादळांनंतर किनाऱ्यावरची कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. तेवढं नाही, तरी वळवाच्या गडगडाटात वीज जातेच. मेअखेर-जूनमध्ये मोठी भट्टी लावायची असेल तर आकाश बघून, शक्यतो रात्री उशिरा सुरू करून. वीज परत आल्यावर तुमच्या भट्टीचा कंट्रोलर आपोआप पुढे चालतो की तसाच बंद राहतो, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. खाऱ्या हवेने भट्टीच्या तारांची टोकं आणि चाकाची बेअरिंग गंजतात. दर महिन्याला बघायचं काम कोणाकडे आहे तेही विचारा. बहुधा कोणाकडेच नसतं, आणि ते तुम्ही घेतलंत तर शिकायला खूप मिळतं.

ग्लेझ, आणि आगळाची चाचणी

ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवलेली काच: सिलिका काचेसाठी, ॲल्युमिना ती ओघळू नये म्हणून, आणि फेल्डस्पार, चुनखडी असे पदार्थ ती कमी तापमानाला वितळावी म्हणून. रंग लोह, तांबं, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडचे. बादली तळापासून ढवळा, जाड थर खाली बसलेला असतो. १०० मिलीलिटर ग्लेझ तोला; बुडवायच्या बहुतेक ग्लेझ १४० ते १५० ग्रॅमच्या दरम्यान भरतात. रोज तोलून वहीत लिहा. दमट दिवसांत भाजलेलं भांडंही ओल धरतं आणि ग्लेझ कमी शोषतं, तेव्हा भट्टीजवळ तासभर ऊब देऊन मगच बुडवा. तळाची कडा ओल्या स्पंजने स्वच्छ पुसा. एक थेंब राहिला तर भांडं भट्टीच्या फळीला कायमचं चिकटतं. दुसरी भट्टी मातीप्रमाणे १२२० अंशांच्या आसपास किंवा १२८०-१३०० पर्यंत जाते. कंट्रोलरच्या आकड्यावर विसंबू नका, आत पायरोमेट्रिक कोन ठेवा. उष्णतेने भांड्यावर खरंच किती काम झालं ते कोन वाकून दाखवतो.

आपल्याकडची भांडी कोकम, चिंच, ताक, व्हिनेगर झेलतात. शिशाची ग्लेझ खाण्याच्या भांड्याला कधीच नको. तांब्याची हिरवी ग्लेझ नीट बसलेली नसेल तर आंबट पदार्थात तांबं उतरतं. नवी ग्लेझ आली की तिच्या वाटीत अर्ध्यापर्यंत कोकमाचं आगळ ओतून रात्रभर ठेवा. सकाळी आगळ बुडालेल्या भागाचा रंग किंवा चकाकी बदललेली दिसली तर ती ग्लेझ फक्त बाहेरच्या बाजूला. घरगुती चाचणीत पास झाली म्हणून सुरक्षित ठरत नाही, विक्रीच्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी मालकाने करून घ्यायला हवी. विचारायला लाजू नका.

गिऱ्हाईक हमखास विचारेल, ‘यात तिखलं करता येईल का, गॅसवर?’ नाही म्हणून सांगा. स्टोनवेअर घट्ट भाजलेलं असतं. खालून ज्योत लागली की एक भाग फुगतो, बाकीचा नाही, आणि ते तडकतं. गावच्या कुंभाराचं कमी भाजलेलं, भुसभुशीत अंगाचं मडकं ज्योत सोसतं. कालवणासाठी तेच घ्या असं सांगण्यात आपल्या मालाचा कमीपणा नाही.

छाती, पाठ, हवा

सुकलेल्या मातीच्या धुळीत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. वर्षानुवर्षं ते छातीत गेले तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कोरडी केरसुणी कामाच्या जागी मारायची नाही; ओला स्पंज, ओलं फडकं. ग्लेझची पावडर मिसळताना एन-९५ मास्क. पावसाळ्यात सगळं ओलं असल्याने धुळीची आठवण राहत नाही. ऑक्टोबरच्या तापात तोच चिखल वाळून पायाखाली उडतो. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका, चहाचा कप ग्लेझच्या टेबलावर ठेवू नका.

गॅसच्या भट्टीत रंगासाठी हवा कमी करून जाळतात, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड बाहेर येतो. त्याला वास नाही. आणि नेमकं पावसात, झोत आत येतो म्हणून शेडच्या बाजू ताडपत्रीने बंद केलेल्या असतात. भट्टी चालू असताना दोन समोरासमोरच्या बाजू उघड्या हव्यातच, भिजलं तरी चालेल. ओल्या जमिनीवर विजेचं चाक चालतं, तेव्हा अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, हे बघितल्याशिवाय चाकावर बसू नका.

पैसे

नगावर काम घेताना दरापेक्षा महत्त्वाचा प्रश्न: नग कुठे मोजणार? चाकावरून उतरल्यावर, पहिल्या भट्टीनंतर, की विकायला तयार झाल्यावर? शेवटच्या टप्प्यावर मोजणारा चाकावरच्या माणसाच्या गळ्यात भट्टीवाल्याची चूकही बांधतो. पहिल्या भट्टीनंतर मोजणं मला रास्त वाटतं. तळाची चीर आणि कानाची चीर तोवर दिसलेली असते, आणि ती तुमचीच जबाबदारी असते. पावसाळ्यात नग कमी होणार हे उघड आहे, म्हणून त्या महिन्यांसाठी ठरावीक पगार किंवा किमान रक्कम आधीच बोला आणि कागदावर घ्या.

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व पुढे २ लाखांपर्यंत कर्ज, अशी रचना आहे. ती स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी आणि कुटुंबातल्या एकालाच आहे, तेव्हा युनिटमध्ये पगारावर असताना तिच्यामागे धावू नका. पुढे स्वतःचं काढायचं ठरेल तेव्हा सामान्य सेवा केंद्रात नोंदणी होते. शिकायला लांब जाणं जमत नसेल तर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची संस्था आहे. सावंतवाडीहून आंबोलीमार्गे बेळगाव गाठून जाता येतं.

स्वतःचं काढताना आधी चाक घ्या, भट्टी नको. कच्चा किंवा एकदा भाजलेला माल ओळखीच्या युनिटच्या भट्टीत फळीच्या भाड्याने भाजून मिळतो का ते विचारा, आणि एक पावसाळा असा काढा. जागा बघताना पश्चिमेची भिंत बंद करता येते का, छप्पर किती गळतं आणि थ्री-फेज जोडणी मिळते का, या तीन गोष्टी भाडं ठरवण्याआधी तपासा. शेवटच्या गोष्टीसाठी महावितरणच्या स्थानिक कार्यालयात स्वतः जा. जागामालक ‘मिळेल हो’ म्हणतोच.